हायवेवर एकटी असताना टायर बसला तर नक्की काय करायचं?

चाकोरी

नमस्कार मंडळी. गाडी मी रोज चालवते पण आत्तापर्यंत शहरातल्या शहरात, आता कामामुळे दर आठवड्याला हायवेने जावं लागणार आहे, जाताना एकटी आणि येताना बऱ्याचदा आई आणि सहा वर्षांचा मुलगा सोबत, आणि निघायला उशीर झाला की अंधार पडणारच. टायर बदलायचे व्हिडिओ भरपूर बघितलेत पण ते सगळे दिवसाउजेडी, सपाट फरशीवर, आजूबाजूने एकही गाडी जात नसताना काढलेले. म्हणून घराखाली स्वतः करून बघायचं ठरवलं, स्टेपनी काढली, जॅक सापडला, आणि पाना लावून नट सोडायला गेले तर पाचपैकी एकही जागचा हलेना. पूर्ण ताकद लावली तरी नाही.

मला नुसतं "टायर कसा बदलायचा" हे नकोय, ते मिळतं कुठेही. चालत्या गाडीत टायर गेला की पहिल्या काही सेकंदांत काय करायचं, गाडी कुठे थांबवायची, आई आणि मुलाला गाडीत बसवून ठेवायचं की बाहेर काढायचं, आणि हे असले घट्ट नट माझ्यासारखीने सोडायचे कसे, हे ज्यांनी खरंच रस्त्यावर केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. आणि कधी बदलायचाच नाही, मदत बोलवायची, हेही सांगा.

आडवाट

चाकोरी ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. टायर बदलणं हा यातला सोपा भाग आहे हो, माणसं दगावतात ती गाडी चुकीच्या जागी उभी केल्यामुळे. त्यामुळे मी आधी त्याच्यावरच लिहितो.

टायर फुटला (हळूहळू हवा जाणं वेगळं आणि धाडकन फुटणं वेगळं) तर गाडी एका बाजूला जोरात ओढते. पुढचा फुटला तर स्टेअरिंग त्या बाजूला खेचलं जातं, मागचा फुटला तर स्टेअरिंग बरं वाटतं पण गाडीचा मागचा भाग डुलायला लागतो. दोन्ही वेळेला हात आपोआप स्टेअरिंग झटका देऊन फिरवायला बघतात आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि नेमकं हेच दोन करायचे नाहीत. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, बस, पहिलं काम एवढंच. ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलायचा नाही, हळूहळू सोडायचा, फुटलेला टायरच गाडीला इतका अडवतो की वेग आपोआप उतरायला लागतो. वेग चांगला कमी झाला, गाडी तुमच्या ताब्यात आहे असं वाटलं, मग इंडिकेटर देऊन आरशात बघून कडेला, आणि शेवटी शेवटी हलका ब्रेक.

आता कडेला म्हणजे कुठे. बरेच जण टायर गेला म्हणून जिथल्या तिथे थांबतात, का तर बसलेल्या टायरवर गाडी चालवली की टायर आणि रिम खराब होते. होते ना, नाकारत नाही. पण वळणावर, चढाच्या माथ्याच्या पलीकडे, पुलावर, बोगद्यात किंवा जिथे कडेला पट्टाच नाही तिथे थांबून रिम वाचवण्यात काय अर्थ आहे? रिम नवीन मिळते. चारही इंडिकेटर लावून दहा-पंधराच्या वेगाने सरपटत पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत न्या, पेट्रोल पंप असेल, एखादा फाटा असेल, रुंद कडा असेल, खडखडाट होईल, रबर जळल्याचा वास येईल, येऊ दे. सरळ रस्ता पाहिजे, मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसायला पाहिजेत, जमीन सपाट आणि टणक पाहिजे, आणि गाडी रस्त्याच्या पांढऱ्या रेषेपासून जेवढी आत घेता येईल तेवढी आत. आणि बसलेला टायर जर रहदारीच्या बाजूचा असेल तर डबल जागा लागते कारण तुम्हाला त्या बाजूला बसून काम करायचंय. तेवढी जागा नसेल तर तिथे टायर बदलायला बसायचंच नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करून ठेवा म्हणजे त्यावेळी घासाघीस होणार नाही.

निळीगाडी

आडवाट दादांशी शंभर टक्के सहमत. माणसांचं मी सांगते, कारण लहान मुलं घेऊन माझाही प्रवास असतो.

कडेला उभ्या गाडीत कोणालाही बसवून ठेवायचं नाही. बाहेर ऊन आहे, पाऊस आहे, आईचे गुडघे दुखतात, काहीही असो. उतरायचं ते रहदारीच्या उलट्या बाजूच्या दारातून, म्हणून मुलाची सीट कायम त्याच बाजूला लावा, ही सवय आत्ताच करून टाका. उतरलं की कठड्याच्या पलीकडे, कठडा नसेल तर रस्त्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं. गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, मागून कोणी धडकलं तर तुमचीच गाडी पुढे फेकली जाते. बाजूला आणि थोडं मागच्या अंगाला, जिकडून गाड्या येतायत तिकडे, असं उभं राहायचं. मुलाचा हात आईच्या हातात, आणि आईला स्पष्ट सांगून ठेवायचं की तुझं काम फक्त ह्याला धरून ठेवणं, मला पाना द्यायला यायचं नाही.

एकच अपवाद, गाडी चालू लेनमध्येच बंद पडली आणि उतरणंच धोक्याचं आहे, दोन्ही बाजूने गाड्या सुसाट चालल्यात. मग बेल्ट लावूनच बसायचं, चारही इंडिकेटर चालू, आणि लगेच आपत्कालीन नंबरला फोन. संधी दिसली की मग उतरून बाहेर.

त्रिकोण ठेवायचा तो किती मागे हे कोणी नीट सांगत नाही. हिशोब करून बघा, १०० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर येते, म्हणजे त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तर ड्रायव्हरला तो ओलांडल्यापासून तुमच्यापर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत. साध्या रस्त्यावर ५० ठीक, वेगवान रस्त्यावर १०० किंवा जास्त, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. जाताना त्रिकोण छातीसमोर धरून कठड्याच्या आतून चालत जायचं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. पण जिथे चालत मागे जाणंच जिवावरचं आहे अशा एक्स्प्रेस रस्त्यांवर त्रिकोण ठेवायला जाऊच नका, काही देशांत तर तिथे तो ठेवायला सरळ मनाईच आहे. चमकणारं जॅकेट मात्र डिकीत नको, सीटच्या खाली किंवा दाराच्या कप्प्यात ठेवा, उतरायच्या आधी अंगात घालता आलं पाहिजे.

अजून एक, अंधारात डिकी उघडी टाकून काम करू नका. काही गाड्यांचे मागचे दिवे डिकीच्या दारावरच असतात, दार वर गेलं की दिवे आकाशाकडे. सामान काढलं की डिकी बंद.

पानेवाला

टायरच्या कामात बरीच वर्षं घालवलीत त्यामुळे नटांचं मी सांगतो.

ताई, नट हलला नाही यात तुमच्या ताकदीचा प्रश्न नाही. बहुतेक गाड्यांचे नट साधारण ९० ते १२० न्यूटन मीटरला (हे पिळायच्या जोराचं माप) आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. आता गाडीसोबत येतो तो पाना पाव मीटरचा धरा, त्याच्या टोकाला ४० किलोचा जोर दिला की शंभर न्यूटन मीटर होतात. म्हणजे बरोबर आवळलेला नट सोडायलाच ४० किलोच्या वर लागणार. आणि वर्कशॉपमध्ये हवेच्या गनने धाडधाड मारतात तेव्हा तो किती आवळला गेला हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं. तर दोन गोष्टी करा. पहिली, लांब होणारा पाना घ्या, अर्धा मीटर लांबी झाली की निम्मा जोर पुरतो, इतकं साधं गणित आहे. दुसरी, पुढच्या वेळी चाकं काढली की समोर उभं राहून सांगा, गनने फक्त टेकवा आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं हे दाखवणाऱ्या पान्याने करा. सांगायला लाजू नका, गाडी तुमची आहे.

आणि पाना लावायची पण पद्धत आहे. नट डावीकडे फिरवून सुटतो, तर पान्याचा दांडा डाव्या हाताला आडवा येईल असा लावा, घड्याळात नऊ वाजलेत तसा, आणि खाली दाबा. वर ओढू नका, ओढताना कंबर जाते आणि नट एकदम सुटला की माणूस मागे पडतो, मागे रस्ता असतो. खाली दाबताना शरीराचं वजन कामाला येतं, हात सरळ ठेवून अंगाचा भार टाका. तरी नाही सुटला तर गाडीचा आधार धरून पायाने दाबा, उडी मारू नका, सावकाश भार टाका. पाना नटावर पूर्ण आत बसलेला पाहिजे, अर्धवट बसला तर नटाची धार जाते आणि मग कोणालाच सुटत नाही.

हे सगळं गाडी जमिनीवर असताना. जॅक लावायच्या आधी प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. जॅकवर चढवलेल्या गाडीला पान्याने हिसके देणारे लोक बघितलेत मी आणि बघवत नाही. चाक हबला, म्हणजे ज्याच्यावर ते बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटलेलं असेल तेही आत्ताच बघा, नट थोडे ढिले करून गाडी हातभर पुढे-मागे हलवली तर बऱ्याचदा सुटतं.

जॅक कुठे लावायचा, तर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, त्या दोन खाचांच्या मधे. हात फिरवला की लागतात. दुसरीकडे लावला तर पत्रा दबतो नाहीतर जॅक सटकतो. जमीन मऊ असेल तर जॅकखाली लाकडाची जाड फळी, ती फळी डिकीतच टाकून ठेवा. आणि स्टेपनी बाहेर काढली की उभी ठेवायची नाही, गाडीच्या खाली पत्र्याच्या कडेजवळ आडवी सरकवून ठेवायची, जॅक सटकलाच तर गाडी स्टेपनीवर बसते, तुमच्या हातावर नाही. चाक निघालं की ते खाली सरकवायचं आणि स्टेपनी घ्यायची. गाडी वर असताना हात-पाय-डोकं काहीही गाडीखाली जाता कामा नये, पडलेला नट घ्यायला सुद्धा नाही.

दातेरी_चक्र

पानेवाला दादांनी बाकी सगळं लिहिलं, एक गोष्ट राहिली आणि ती फार महत्त्वाची आहे. लोकांना वाटतं हॅन्डब्रेक ओढला, गियरमध्ये ठेवली, आता गाडी हलत नाही. जॅकवर असताना हे अर्धंच खरं आहे.

गियर फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांना धरतो, बऱ्याच छोट्या गाड्यांत ती पुढची दोन असतात. त्या दोन चाकांच्या मधे डिफरेन्शियल असतं, ज्याच्यामुळे वळताना एक चाक जास्त आणि एक कमी फिरू शकतं. तुम्ही पुढचं एक चाक उचललंत की ते हवेतलं चाक मोकळं फिरायला लागतं, आणि त्यामुळे जमिनीवरचं दुसरं चाक पण फिरू शकतं, गियर तसाच पडलेला असला तरी. म्हणजे गियरची पकड गेली. ऑटोमॅटिकमध्ये पी वर ठेवलं तरी हेच. आता उरला हॅन्डब्रेक, तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मागचं चाक उचललंत तर मग हॅन्डब्रेक एकाच चाकाला धरतो. जराशा उतारावर सुद्धा गाडी जॅकवरून सरकून खाली येते ती यामुळेच.

म्हणून तिन्ही करायचं, हॅन्डब्रेक, गियर, आणि चाकाला उटी. उटी म्हणजे लाकडाचा ठोकळा किंवा चांगला मोठा दगड, जे चाक उचलताय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला, म्हणजे पुढचं डावं उचललं तर मागच्या उजव्याला, दोन्ही बाजूंनी. आणि उतार डोळ्याला दिसण्याइतका असेल तर जॅक लावायचाच नाही.

चाकोरी

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं सविस्तर कोणी समोर बसून पण सांगितलं नसतं. डिफरेन्शियलचं तर मला काहीच माहीत नव्हतं.

तुमचं वाचून लगेच खाली जाऊन डिकी परत बघितली. माझी स्टेपनी बाकी चाकांपेक्षा बारीक आहे, तिच्यावर ८० चा आकडा लिहिलाय. सोबत टायरमध्ये भरायच्या औषधाची बाटली आणि छोटा हवेचा पंप पण आहे, गाडीच्या सॉकेटवर चालणारा. मग टायर बदलू, औषध भरू, की नुसती हवा भरू, हे कसं ठरवायचं? आणि खिळा घुसलेला दिसला तर आधी तो काढायचा का?

पानेवाला

खिळा काढायचा नाही! ट्यूबलेस टायरमध्ये खिळा स्वतःच भोक बुजवून धरतो, हवा जाते पण हळू. काढलात की भस्सकन सगळी जाते.

तुमच्याकडे पंप आहे ही फार चांगली गोष्ट आहे आणि रस्त्याच्या कडेला मी तरी आधी तोच वापरेन. हवा कमी दिसतेय पण टायर अजून रिमवर बसलेला आहे, बाजूला फाटलेला नाही, तर पुस्तकात दिलाय तेवढा दाब भरा, दोन-चार मिनिटं थांबून आकडा उतरतोय का बघा. टिकत असेल तर सावकाश निघा आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबा, वाटेत परत एकदा दाब बघा. ना जॅक, ना नट. लक्षात घ्या, जितका कमी वेळ तुम्ही कडेला बसून घालवाल तितकं चांगलं.

औषध दुसरा पर्याय. ते फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या बारीक भोकाला चालतं, साधारण ६ मिलिमीटरपर्यंत. बाजूच्या भिंतीला चीर असेल, टायर फुटला असेल किंवा बसलेल्या टायरवर गाडी बरीच पळाली असेल तर उपयोग नाही. भरल्यावर बाटलीवर दिलेल्या वेगापेक्षा जास्त जायचं नाही आणि पंक्चरवाल्याला आधीच सांगायचं की आत औषध आहे, त्याला टायर आतून धुवावा लागतो. बाटलीची मुदत पण बघून घ्या, संपते ती.

टायर फाटलाय, फुटलाय, तर मग स्टेपनी. तुमची ती बारीक स्टेपनी म्हणजे फक्त दुकानापर्यंत पोचायची सोय, ८० च्या वर पळवायची नाही हा तो आकडा. ब्रेक लांब लागतो, वळणावर पकड कमी. आणि तिच्यात हवा नेहमीच्या टायरपेक्षा खूप जास्त लागते, बहुतेकांवर ६० पीएसआय लिहिलेलं असतं, नेहमीच्या टायरला तीसच्या आसपास असते त्याच्या जवळजवळ दुप्पट. ती आजच मोजा. डिकीत पडून पडून हवा उतरते आणि गाडीतला टायर दाबाचा दिवा स्टेपनीकडे बहुतेक वेळा बघतच नाही.

चाक बसवताना नटाची निमुळती बाजू आत. आधी सगळे हाताने फिरवून टेकवा, आडवा चढला तर हातालाच कळतं, पान्याने चढवाल तर आटे जातील. मग गाडी खाली घेऊन एक सोडून एक असे आवळा, ओळीने गोल गोल नाही, नाहीतर चाक तिरकं बसतं.

आडवाट

आणि "कधी बदलायचा नाही" हे ताईंनी विचारलं होतं ते राहूनच गेलं. रहदारीच्या बाजूचा टायर आणि जागा नाही, जमीन उताराची किंवा चिखलाची, धुकं किंवा मुसळधार पाऊस, अंधार आणि तुमच्याकडे बॅटरी नाही, नट सुटत नाही, किंवा तुम्हाला आतून नको वाटतंय. यातलं एक जरी असेल तर लांब जाऊन उभं राहायचं आणि फोन करायचा. विम्यासोबत रस्त्यावरची मदत बऱ्याचदा आधीच असते, तो नंबर आणि विम्याचा क्रमांक फोनमध्ये सेव्ह करा आणि कागदावर लिहून पण ठेवा. फोन करताना जागा सांगता आली पाहिजे म्हणून जाता जाता किलोमीटरच्या दगडांकडे लक्ष ठेवायची सवय लावा, नाहीतर "हायवेवर आहे" एवढंच सांगता येतं. आणि कोणी अनोळखी मदतीला थांबलं तर कठड्याच्या आतूनच बोला, मदत बोलावलेली आहे म्हणून सांगा.

दातेरी_चक्र

टायर जाऊच नये म्हणून पण थोडं. रस्त्यावर धाडकन फुटणारे टायर बऱ्याचदा हवा कमी असल्यामुळे फुटतात, जास्त असल्यामुळे नाही. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून वाकून तापते, त्यात लांबचा पल्ला, भरलेली गाडी आणि वेग, मग आतले थर सुटतात. उन्हाळ्यात "फुटेल म्हणून कमी हवा ठेवतो" म्हणणारे ओळखीत असतील तर त्यांना हे नक्की सांगा. हवा थंड टायरमध्ये मोजायची, निघायच्या आधी, निदान महिन्यातून एकदा आणि लांब जाताना प्रत्येक वेळी. चालवून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो, तो बघून हवा सोडायची नाही.

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाचा चांगल्या दिसल्या तरी रबर वयाने कडक होतं. दहा वर्षांच्या पुढचा टायर वापरूच नये, स्टेपनी सुद्धा, आणि पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावा.

चाकोरी

स्टेपनी मोजली. ६० च्या जागी २२ निघाली, पंपाने भरली. आणि पाच नटांतला एक बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, त्याच्यावर पाना बसतच नाही. हा काय प्रकार आहे?

पानेवाला

तो लॉक नट, चाक चोरीला जाऊ नये म्हणून. त्याची वेगळी चावी असते, अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा, आधी तो नटावर बसवायचा आणि मग त्याच्यावर पाना. डॅशबोर्डचा कप्पा, स्टेपनीच्या मधली जागा, हत्यारांची पिशवी सगळं शोधा, वर्कशॉपवाल्यांकडे राहून गेली असेल तर आजच फोन करा. चावी नसेल तर बाकी चार नट सोडून काही फायदा नाही. सापडली की जॅकसोबतच बांधून ठेवा, आणि घराखाली एकदा हा पाचवा नट पण सोडून परत आवळून बघा. रस्त्यात कधी चाक बदललंच तर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर थांबून पाचही नट परत एकदा तपासायचे, बसलेले असतील तर पाना टेकवला की लगेच कळतं.